दप्तरातलं खोडरबर

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि मुलगी दोन वर्षांची. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं खोडरबर सापडलं. त्यावर त्या मुलाचं नावही होतं. मी विचारलं तर म्हणाला, “त्यानेच दिलं.” दुसऱ्या दिवशी बाईंशी बोलताना कळलं, की तो मुलगा दोन दिवस ते शोधत होता. संध्याकाळी माझ्या नवऱ्याने याला समोर उभं केलं आणि “खरं सांग, चोरलंस की नाही?” असं तासभर विचारलं. शेवटी रडत रडत त्याने कबूल केलं. आता नवऱ्याचं म्हणणं, सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावायची, म्हणजे जन्माची अद्दल घडेल. खोडरबर अजून आमच्याच घरी आहे. सासूबाई रोज रात्री त्याला खोटं बोलणाऱ्यांचं काय होतं याच्या गोष्टी सांगतात. ‘नेहमी खरं बोलावं’ हे त्याला तोंडपाठ आहे. मीही चांगल्या वागण्याचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, प्रत्येक चांगल्या गोष्टीला एक चांदणी. पण परवा धाकटीला पाणी दिलं आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, “चांदणी?” धाकटीच्या हातून चुकून त्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला तर “तिला पण शिक्षा करा” म्हणून हटून बसतो. मोबाइल मागायला लागला की ‘चार्जिंग संपलं’ सांगून गप्प करावं लागतं. बाबांनी सायकल शिकवायचं कबूल केलं होतं, ते तीन रविवार राहून गेलं, त्यावरून वेगळी रडारड. आमचे संस्कार कुठे कमी पडले? मोठेपणी हा असाच होईल का? सोमवारी बाईंना भेटायचं आहे, काय बोलू?

— एक अस्वस्थ आई

उत्तर : प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न आधी घेते. मोठेपणी हा असाच होईल का? एका खोडरबरावरून आणि त्याबद्दलच्या एका खोट्यावरून असं काहीही ठरत नाही. या वयात दुसऱ्याची आवडलेली वस्तू उचलणं आणि सापडल्यावर कानावर हात ठेवणं हे इतकं सर्रास घडतं, की ज्या घरात ते कधीच घडलं नाही असं घर शोधावं लागेल. तुम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेली नाहीत हे चांगलंच केलंत. फक्त ‘हा असा कसा निघाला’ ही काळजी सोडा आणि ‘या प्रकरणातून तो आत्ता काय शिकतोय’ याची करा. कारण शिकतोय तो नक्की.

मुलं खोटं कधी बोलायला लागतात यावर व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचा प्रयोग साधा आहे. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवतात, ‘मी येईपर्यंत वळून बघायचं नाही’ असं सांगतात आणि खोलीबाहेर जातात. बहुतेक मुलं बघतात. परत आल्यावर विचारतात, “बघितलंस का?” 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांनी सरळ ‘हो’ म्हटलं. त्याहून मोठी होती ती बहुतेक सगळी ‘नाही’ म्हणाली. गंमत पुढे आहे. ‘मग काय असेल ते, सांग बघू’ असं विचारलं की लहानगी त्या खेळण्याचं अचूक नाव सांगून मोकळी होतात. खोटं निभावून नेणं त्यांना अजून जमत नसतं.

तीन वर्षांचं मूल जास्त गुणी आणि पाच वर्षांचं बिघडलेलं, असा याचा अर्थ नाही. मला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नसू शकते, हे कळायला लागल्याशिवाय खोटं बोलताच येत नाही. त्याच समजेतून पुढे दुसऱ्याचं मन ओळखणं येतं, दया येते, एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलणं येतं. तुमच्या मुलाला आता ही समज आली आहे. तिचा पहिला वापर त्याने स्वतःला वाचवण्यासाठी केला. दुसरा कशासाठी करावा, हे आपण दाखवायचं आहे.

आता त्या तासाभराच्या चौकशीबद्दल स्पष्ट बोलते. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण त्या तासात काय झालं ते मुलाच्या जागी उभं राहून बघा. बाबांना उत्तर माहीत आहे. तरी ते विचारतायत. ‘हो’ म्हटलं तर ओरडा नक्की आहे. ‘नाही’ म्हटलं तर सुटकेची थोडी तरी आशा आहे. अशा वेळी पाच वर्षांचं मूल आशेच्या बाजूला जातं, आणि मग तासभर एकच खोटं पुन्हापुन्हा म्हणत राहतं. शेवटी रडून जे बाहेर पडलं ते दमल्यामुळे पडलं. ‘खरं बोललो म्हणून बरं झालं’ असं त्याला त्यात कुठेही वाटलेलं नसणार.

कडक शिक्षेने सत्य वाढतं का, हेही तलवार आणि ली यांनी तपासून पाहिलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा त्यांचा अभ्यास 2011 साली आला. एका शाळेत चुकीला छडी आणि चापट होती, दुसरीत समज देऊन भागवत. दोन्हीकडची मुलं वळून बघायचं ते बघतच होती. पण मारकुट्या शाळेतली मुलं खोटं कितीतरी जास्त बोलली आणि ते सफाईने निभावूनही नेत होती. म्हणजे मार बसत होता त्या ठिकाणी मुलं मोहाला आवर घालायला शिकली नव्हती, लपवायला शिकली होती. यजमानांना हा परिच्छेद आवर्जून वाचायला द्या.

म्हणून वर्गासमोर माफी नको. मी यावर ठाम आहे. सगळ्या वर्गापुढे उभ्या केलेल्या मुलाच्या मनात ‘मी त्याची वस्तू घेतली, त्याला वाईट वाटलं’ हा विचार उरत नाही. उरते ती स्वतःची लाज, आणि लाज माणसाला स्वतःपुरतंच बघायला लावते. शिवाय वर्गातली मुलं त्याला एक नाव चिकटवतील आणि ते पुसायला वर्ष जाईल. ‘चोर’ हा शब्द घरातसुद्धा आजपासून बंद करा. रागाच्या भरात नको आणि कौतुकाने ‘चोर कुठला’ म्हणूनही सध्या नको.

मग खोडरबर परत कसं करायचं? करायचं तर आहेच, आणि लवकर. मी सुचवते ते असं. रविवारी संध्याकाळी, तुम्ही आणि तो दोघंच असाल आणि कुणाला कसली घाई नसेल अशा वेळी त्याच्याजवळ खाली बसा. खोडरबर हातात घ्या. प्रश्न विचारू नका, जे माहीत आहे ते सांगा. “हे खोडरबर त्याचं आहे. तू ते घेतलंस. तुला ते फार आवडलं होतं ना?” तो मान हलवेल, किंवा गप्प बसेल. दोन्ही चालेल. “आवडणं ठीक आहे. विचारल्याशिवाय घेणं ठीक नाही. तो दोन दिवस शोधत होता. शोधताना त्याला कसं वाटलं असेल?” इथे थांबा. ही जागा महत्त्वाची आहे आणि आपल्याला ती भरून टाकायची घाई असते. उत्तर आपण देऊ नका. त्याला जे सुचेल ते सांगू द्या. ‘माहीत नाही’ म्हणाला, तर त्याचं एखादं आवडतं खेळणं हरवलं होतं तेव्हाची आठवण करून द्या. मग विचारा, “आता काय करूया?” पाच वर्षांची मुलं या प्रश्नाला फार चांगली उत्तरं देतात. ‘परत देऊया’ हे तो स्वतः म्हणाला, तर निम्मं काम झालं. नाही म्हणाला तर तुम्ही म्हणा, पण ‘आपण’ म्हणा.

सोमवारी वर्ग भरायच्या आधी तुम्ही त्याच्याबरोबर जा. खोडरबर त्याच्या हातात असू द्या, तुमच्या पिशवीत नको. काय बोलायचं ते घरी एकदा म्हणून बघू द्या, एकच वाक्य पुरे : “हे तुझं आहे, मी न विचारता घेतलं होतं.” ‘सॉरी’ त्याच्या तोंडून आलं तर छान, नाही आलं तर ओढून काढू नका. जबरदस्तीचं सॉरी म्हणजे पळवाट असते, एक शब्द टाकला की प्रकरण मिटलं असं मुलांना वाटायला लागतं. वस्तू स्वतःच्या हाताने परत दिली आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, एवढं घडलं की माफी झाली. परत येताना व्याख्यान नको. “अवघड होतं ना? केलंस तू,” इतकंच म्हणा आणि विषय तिथे मिटवा. पुढच्या महिन्यात पाहुण्यांसमोर तो पुन्हा काढू नका, गमतीनेही नाही.

बाईंना तुम्ही आधीच दोन मिनिटं भेटा किंवा फोन करा. त्यांना सांगा, की मूल वस्तू परत करायला येतंय, तुम्ही फक्त जवळ असा, त्याला काही विचारू नका आणि वर्गात उल्लेख करू नका. बहुतेक शिक्षकांना हे लगेच समजतं, त्यांनी अशी प्रकरणं पुष्कळ पाहिलेली असतात. आणखी एक विचारा : वर्गात याला कुणी चिडवतं का, कुणाशी बरोबरी करायची ओढ वाटते का, त्या मुलाशी मैत्री व्हावी असं त्याला वाटत होतं का. लहान मुलं कधीकधी ज्याची मैत्री हवी असते त्याचीच वस्तू घेतात. उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला मुलाबद्दल नवीन काहीतरी कळेल.

सासूबाईंच्या गोष्टींकडे येते. त्या बंद करू नका. रात्री आजीच्या कुशीत गोष्ट ऐकणं ही कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. बदलायची ती गोष्टींची निवड. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून मग तोच वळून बघण्याचा खेळ घेतला. ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं, किंवा खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या बाहुल्याची गोष्ट ऐकलेली मुलं, खोटं काही कमी बोलली नाहीत. फरक पडला तो तिसऱ्या गोष्टीने. त्यात एक मुलगा वडिलांचं झाड तोडल्याचं स्वतःहून कबूल करतो आणि वडील रागावण्याऐवजी त्याच्या खरेपणाचा आनंद मानतात. ही गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. मग संशोधकांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्या मुलाला खोटं बोलायला लावलं आणि त्याचा वाईट परिणाम दाखवला. लगेच तिचा परिणाम नाहीसा झाला.

याचा अर्थ मला असा लागतो, की खोट्याचं काय होतं हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. खरं बोलल्यावर काय होतं, हे त्यांना पाहायला मिळत नाही. सासूबाईंना सांगा, की चूक झाली, भीती वाटली, तरी सांगून टाकलं आणि मग बरं वाटलं, अशा गोष्टी शोधा किंवा रचा. आजी लोक रचण्यात पटाईत असतात. त्यांच्या स्वतःच्या लहानपणची खरी घडलेली एखादी असेल तर त्याहून उत्तम. आणि गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ नको. “तू असतास तर काय केलं असतंस?” एवढं विचारून दिवा मालवावा. तो ‘मी पळून गेलो असतो’ म्हणाला तर आजीने हसून ऐकून घ्यावं. त्याच्या मनात खरंच काय चाललंय, हे कळायची तीच वेळ असते.

चांदण्यांचा तक्ता मात्र काढावा असं मला वाटतं, आणि तुम्हालाही ते कळलंय, नाहीतर तो “चांदणी?” तुम्ही पत्रात लिहिला नसता. दात घासणं, खेळणी आवरणं अशा नुसत्या सवयींसाठी थोडे दिवस तक्ता लावला तर फार बिघडत नाही. पण धाकटीला पाणी देणं ही सवय नव्हे, ते मन आहे. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 साली दाखवलं, की दीड वर्षाची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. दोघांनीच 2008 साली पुढचा प्रयोग केला. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल छोटं बक्षीस दिलं, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर बक्षीस थांबवलं, तेव्हा बक्षीस मिळालेल्या मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी मदत केली. जे आतून येत होतं त्याला बाहेरून मोबदला लावला आणि आतलं आटलं.

तक्ता अचानक गायब केला तर त्याला शिक्षा वाटेल. आत्ताच्या चांदण्या पूर्ण होऊ द्या, ठरलेलं काही द्यायचं असेल तर ते द्या, आणि मग “आता तुला याची गरज नाही” म्हणून त्याच्याच हाताने उतरवा. पहिले काही दिवस तो विचारेल. तेव्हा मदतीचं फळ त्याला दाखवा. “बघ, ती पाणी पिऊन लगेच हसायला लागली. तिला तहान लागलीये हे तुला आधी कळलं.” शाबासकीपेक्षा हे वेगळं आहे, नीट पाहा. शाबासकीत मूल तुमच्याकडे बघतं. इथे ते बहिणीकडे बघतं.

आता ज्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्यात, त्यांच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मोबाइलचं ‘चार्जिंग संपलं’ आणि सायकलीचे तीन रविवार.

तुम्ही थकलेल्या असता, मूल हट्टाला पेटलेलं असतं, आणि एक छोटीशी थाप मारली की पाच मिनिटांची शांतता मिळते. हे न करणारं घर विरळा. पण तुमचा मुलगा आता साडेपाचचा आहे. चार्जिंग संपलेल्या मोबाइलवर दहा मिनिटांनी तुम्ही फोनवर बोलताय, हे त्याला दिसतं आणि समजतं. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात 2014 साली एक अभ्यास झाला. मुलांपैकी निम्म्यांना आधी मोठ्या माणसाने एक थाप मारली, ‘शेजारच्या खोलीत गोळ्यांनी भरलेला वाडगा आहे’ म्हणून, आणि थोड्या वेळाने सांगून टाकलं, की ते खरं नव्हतं, तू यावंस म्हणून म्हटलं. मग नेहमीचा न बघण्याचा खेळ. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये, ज्यांना थाप मारली नव्हती त्यांतली साधारण 60 टक्के वळून बघणारी निघाली आणि बघणाऱ्यांतली तितकीच खोटं बोलली. ज्यांना थाप मारली होती त्यांतली जवळपास 80 टक्के वळली आणि त्यांतली 90 टक्क्यांच्या आसपास खोटं बोलली. एका थापेचा हा फरक, तोही अनोळखी माणसाच्या. घरच्या माणसांचं तर मुलं दिवसभर बघत असतात.

“आत्ता मोबाइल मिळणार नाही,” हे वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. त्यावर तो रडेल. रडू द्या, जवळ बसा. त्या रडण्यापेक्षा ती थाप महाग पडते. नातेवाइकाला ‘आम्ही बाहेर आहोत’ असं फोनवर सांगणं, तिकीट काढताना मुलाचं वय कमी सांगणं, कुणी भेट दिली की तोंडावर ‘वा, किती सुंदर’ आणि पाठ वळली की नाक मुरडणं, हे सगळं त्याच्या कानावर पडतं. 1970 साली जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी मुलांपुढे अशी माणसं आणली, जी दानाचा उपदेश करत पण स्वतः काही देत नसत, आणि अशीही, जी हावरेपणाचा उपदेश करत पण स्वतः देत. मुलांनी दिलं किती, हे त्या माणसाच्या कृतीवरून ठरलं. पण दुसऱ्या मुलाला काय सांगायचं, याची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या माणसाचा उपदेश उचलला. ‘नेहमी खरं बोलावं’ हे तुमच्या मुलाला तोंडपाठ का आहे आणि खोडरबराच्या वेळी ते का आठवलं नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. त्याने घरातून दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत, बोलायचं ते बोलायला आणि करायचं ते करायला.

सायकलीचं तसंच. मुलं मोह आवरू शकतात की नाही याची चर्चा फार होते, आपला मोठा माणूस शब्द पाळतो की नाही याची कमी. रॉचेस्टर विद्यापीठात 2013 साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना दोन गटांत वाटलं. दोघांनाही ‘थांब, चित्रासाठी याहून चांगले रंग आणते’ असं सांगितलं. एका गटाला रंग मिळाले. दुसऱ्याला ‘नाहीत गं’ म्हणून माफी मागून रिकाम्या हाताने परत आले. असंच दुसऱ्यांदाही झालं. मग प्रत्येकासमोर एक गोड खाऊ ठेवला : आत्ता खा, नाहीतर मी येईपर्यंत थांबलास तर दोन. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्या गटातली 3 मिनिटं. मोठ्यांच्या शब्दावर थांबून काही मिळत नाही, हे कळलेल्या मुलाने समोरचं खाऊन टाकलं तर तो उतावळा नाही, त्याने अनुभवाचा हिशोब केला. समोर दिसलेलं खोडरबर दप्तरात टाकणाऱ्या तुमच्या मुलाबद्दलही हा विचार करून बघा. मी अमुकच कारण आहे असं म्हणत नाही. पण ‘मागितलं तर मिळेल, थांबलं तर मिळेल’ असा भरवसा ज्याला आहे, त्याला उचलून घ्यायची गरज कमी पडते.

बाबांना या रविवारी जमणार असेल तरच ‘रविवारी’ म्हणू द्या. आणि गेल्या तीन रविवारांबद्दल त्यांनी मुलासमोर बसून स्वतः म्हणावं, “मी शब्द दिला होता आणि पाळला नाही. तुला वाट बघावी लागली. माझं चुकलं.” कारणं सांगू नयेत, कामाचा ताण वगैरे. वर्गासमोरच्या माफीपेक्षा बाबांची ही माफी मुलाला जास्त शिकवेल. माफी मागितल्याने माणूस लहान होत नाही, हे तो पहिल्यांदा ज्याच्याकडून बघेल ते बाबा असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

धाकटीला शिक्षा करा म्हणतो ते मत्सर असेलही, पण त्यात वयाचा मोठा भाग आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1932 साली नोंदवलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. एका मुलाचा दार उघडताना नकळत धक्का लागून 15 कप फुटले. दुसऱ्याने न विचारता कपाटातला जॅम काढताना 1 कप फोडला. जास्त चूक कुणाची? लहान मुलं पुष्कळदा 15 कपवाल्याची म्हणतात. नुकसान मोठं म्हणजे गुन्हा मोठा. हेतू बघायची दृष्टी हळूहळू येते, आणि घरात हेतू बघितला जात असेल तर लवकर येते. म्हणून स्वतःला विचारा, तुमच्या घरी मोठा आवाज कधी चढतो? पेला फुटला की, की कुणाला टोचून बोललं गेलं की? दूध सांडल्यावर घर हादरत असेल आणि बहिणीला चिडवल्यावर कुणी मान वर करून बघत नसेल, तर मुलाने मनोऱ्याच्या वेळी दुसरं काय म्हणावं? यापुढे चुकून काही पडलं तर शांतपणे फडकं त्याच्या हातात द्या, आणि मुद्दाम कुणाला दुखवलं तर हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघा. काही महिने असं चाललं की “तिने मुद्दाम नाही केलं” हे तो स्वतःच म्हणेल.

संस्कार कमी पडले का, असं तुम्ही विचारलंत. मला तुमच्या पत्रात प्रयत्न कमी दिसत नाहीत. सांगणं भरपूर आहे. सरावाला जागा थोडी आहे. खरं बोलण्याचाही सराव लागतो, आणि तो स्वस्तातल्या गोष्टींवर व्हायला हवा. भिंतीवर रेघ ओढली, डबा न खाता परत आणला, ब्रश न करता झोपला, अशा किरकोळ गोष्टी त्याने कबूल केल्या की परिणाम सौम्य आणि ठरलेला असू द्या. रेघ पुसायची, बस. खरं बोललं की शिक्षा पूर्ण माफ, असा सौदाही नको, नाहीतर कबुली हीच नवी चांदणी होईल. केलेलं निस्तरायचं हे कायम, ओरडा नाही हेही कायम.

तो पुन्हा खोटं बोलेल, ताई. कदाचित पुढच्याच आठवड्यात. त्याने घाबरून जाऊ नका आणि सगळं फसलं असं मानू नका, वर्ष-दोन वर्षांचं हे काम आहे. मात्र वस्तू घेणं वारंवार होऊ लागलं, प्राण्यांना किंवा लहान मुलांना मुद्दाम दुखवणं दिसलं, झोप-जेवण बिघडलं, किंवा हसतं-खेळतं मूल अचानक गप्प झालं, तर बालरोगतज्ज्ञांना आणि त्यांच्या सल्ल्याने बालमानसतज्ज्ञांना जरूर दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही.

सोमवारी शाळेत जाताना शक्य असेल तर बाबांनाही बरोबर न्या. त्यांनी काही बोलायची गरज नाही, त्याचा हात धरून दारापर्यंत चालत गेले तरी खूप आहे.